बंद न करायचा लॅपटॉप

रविवारी दुपारची जेवणं उरकली आणि जावई हात पुसत घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात आला. टेबलावरच्या लॅपटॉपकडे त्याने थोडा वेळ बघितलं, मग आत वळून म्हणाला, "बाबा, ह्याला आता निरोप द्या."

कुलूपकाका मागच्या खोलीत पाणी पीत होते. त्यांना ठसका लागला.

लॅपटॉपची अवस्था खरंच बघवत नव्हती. बिजागरी तुटल्यामुळे पडदा मागे कलंडायचा, म्हणून त्याला तेलाच्या डब्याचा टेकू दिलेला. तीनचा आकडा आणि दोन अक्षरं बटणांसकट गेलेली. त्या जागी काकांनी किल्ल्यांच्या रिकाम्या पात्यांचे तुकडे चिकटवले होते. बॅटरी केव्हाच मेली होती. पंखा दळण दळल्यासारखा आवाज करायचा. आणि वेग असा, की माणूस घराबाहेर अडकून काकांकडे आला, तर रजिस्टर उघडेपर्यंत घरातलं दुसरं कुणीतरी कामावरून परत यायचं आणि दार उघडायचं.

काकांचा धंदा किल्ल्यांचा. बायको होती तोवर काका किल्ल्या कापायचे आणि काकू समोर बसून प्रत्येक किल्लीच्या खाचांचे आकडे लॅपटॉपात उतरवून ठेवायच्या. नाव, दार, आकडे. कुणाची किल्ली हरवली की नुसतं नाव सांगायचं. काका आकडे बघून नवी कापून द्यायचे. चौथा रकाना शेऱ्याचा होता. तो धंद्याला लागत नव्हता, पण काकू तो कधी रिकामा सोडायच्या नाहीत. 'तिसऱ्यांदा हरवली. हसू नये.' 'नवरा-बायको वेगवेगळे येऊन एकाच दाराची किल्ली करून नेतात. एकमेकांना सांगू नये.' 'फार बोलतात. उभंच ठेवावं.' काकू जाऊन दोन वर्षं आणि चार महिने झाले होते. काका रोज सकाळी दुकान उघडल्यावर दहा-बारा शेरे वाचायचे आणि मग कामाला लागायचे.

"नवी डिस्क टाकू, मेमरी वाढवू," लेक आतून येत म्हणाली. "आईचा लॅपटॉप आहे तो. टाकून काय देताय!"

"अगं, मेलेल्या बैलाला नवी शिंगं लावण्यातला प्रकार आहे हा," जावई म्हणाला. "त्यापेक्षा वापरलेला एखादा बरा घ्यावा. आमच्या ऑफिसातला एकजण विकतोय."

"कुणाचा तरी उष्टा लॅपटॉप?"

"उष्टा काय? लॅपटॉप आहे, ताट नाही."

दोघं भांडत होते आणि काका लॅपटॉपसमोर आडवे उभे राहिले होते, दारात कुत्रा आल्यावर माणूस लहान मुलासमोर उभा राहतो तसे.

शेवटी लेक म्हणाली, "ते काही नाही. उद्या संध्याकाळी हे येतील, लॅपटॉप बंद करतील आणि दुरुस्तीला घेऊन जातील."

"बंद करतील?" काकांनी विचारलं.

"मग काय चालू नेणार?"

 सांगण्यासारखं एकच होतं आणि ते त्यांनी दोन वर्षं चार महिने कुणाला सांगितलं नव्हतं. काकांना लॅपटॉपचा पासवर्ड माहीत नव्हता.

अर्ध्या गावाच्या दारांचे आकडे आत आहेत म्हणून काकूंनी पासवर्ड ठेवला होता. सकाळी लॅपटॉप चालू करणं आणि रात्री बंद करणं हे त्यांचं काम. दवाखान्यात न्यायच्या दिवशी तो चालू राहिला तो चालूच राहिला. काका तिथे पासवर्ड विचारणार होते, पण त्या दिवसांत विचारायच्या दुसऱ्याच गोष्टी फार होत्या. तेव्हापासून काकांनी पडदा मिटला नव्हता, की बटणाला हात लावला नव्हता. वीज गेली तर, म्हणून त्यांनी बँकेतून निघालेला एक भलामोठा यूपीएस आणून टेबलाखाली ठेवला. रोज पडद्यावर सूचना यायची की, संगणक बंद करून पुन्हा चालू करायची वेळ झाली आहे. काका रोज 'नंतर' हे बटण दाबायचे. आठशेच्या वर वेळा दाबलं असेल.

आणि हे सांगणार कुणाला? दारावर पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवली होती: 'कोणतेही कुलूप उघडून मिळेल.' बँकेची तिजोरी अडली तरी साहेबाची गाडी काकांना न्यायला यायची. असा माणूस लोकांना काय सांगणार, की माझ्याच टेबलावरचं मला उघडत नाही?

सोमवारी सकाळी नऊ वाजता काकांनी बाजारपेठेच्या टोकाला असलेल्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्या बाईंना फोन लावला.

"बाई, जुन्यात नवी डिस्क टाकायची तर बंद करावा लागतो का हो?"

"काका, ऑपरेशनला माणूस चालत आला तरी टेबलावर भूल द्यावीच लागते."

"आणि वापरलेला दुसरा घेतला तर?"

"मग काय, केबल लावायची, ह्यातलं सगळं त्यात ओतायचं. पंधरा मिनिटं. उलट चालू असेल तर बरं."

"वापरलेला द्या," काका एका दमात म्हणाले. "तुम्ही इकडे याल का?"

"मी कुणाच्या घरी जात नाही. मागच्या वेळी गेले तर कुत्रा चावला, आणि वर तेच म्हणाले, आमचा असा नाहीये. तुम्ही घेऊन या."

काकांनी लेकीला फोन करून सांगितलं की, त्याला यायला सांगू नकोस, मी वापरलेला घेतोय. 

"बाबा, तुम्ही? मला वाटलं तुम्हीच नाही म्हणाल. आईने जिथे रोज बोटं ठेवली, ते तुम्ही विकायला निघालात?"

"विकत नाही. फक्त…"

"फक्त काय?"

"फक्त वेग नाही त्याला."

लेकीने फोन ठेवला. काकांना वाईट वाटलं, पण लेकीने ऐकलं नाही तर जावई संध्याकाळी येणारच होता आणि हातात एकच दिवस होता.

शेजारी सलून होतं. सलूनवाला काकांपेक्षा दहा वर्षांनी लहान, अंगाने दणकट आणि सोमवारी रिकामा. काकांनी त्याला बोलावलं आणि सामान वाहायची ढकलगाडी बाहेर काढली.

"असं करायचं. यूपीएस गाडीवर ठेवायचा. लॅपटॉप त्याला जोडलेला. तो मी हातात धरणार, उघडाच. तू गाडी ढकलायची. माझ्याबरोबर, एका चालीने. वायर दोन हात आहे. तू पुढे गेलास तर वायर निघेल, मागे राहिलास तरी निघेल."

सलूनवाल्याने यूपीएसकडे बघितलं, काकांकडे बघितलं. "काका, बटण दाबून बंद करून पिशवीत टाकला तर?"

"बंद करायचा नाही."

"का?"

"आतलं… गार पडतं," काका म्हणाले.

सलूनवाल्याने मान हलवली. गिऱ्हाईक म्हणेल तसं कापायची त्याला सवय होती. "येतो, एक फोन घेऊन," म्हणून तो सलूनमध्ये गेला. फोन लेकीचाच येत होता. काकांना हे माहीत नव्हतं. लेक त्याला म्हणाली, "मामा, बाबांचं डोकं फिरलंय. काहीही करा, पण आईचा लॅपटॉप बदलू देऊ नका. त्याच्यातच नवीन डिस्क घालायला लावा." सलूनवाल्याने शब्द दिला.

काकांनी भिंतीतली वायर काढली. यूपीएसने लगेच बोंब ठोकली: टीक. पाच सेकंदांनी परत: टीक. पडद्यावर रजिस्टर उघडं होतं. काका ताट धरल्यासारखा लॅपटॉप दोन्ही हातांवर घेऊन रस्त्यावर उतरले. तेलाचा डबा इथे येऊ शकत नव्हता, म्हणून पडदा त्यांनी हनुवटीने अडवला होता. मागे दणकट सलूनवाला, त्याच्यापुढे गाडी, गाडीवर टीक टीक करणारी लोखंडी पेटी.

"किती वेळ टिकेल हा?" सलूनवाल्याने विचारलं.

"पंधरा मिनिटं. नवा होता तेव्हा."

"नवा कधी होता?"

"ते बँकेला माहीत."

दुरुस्तीचं दुकान सहाशे पावलांवर होतं. पहिली दीडशे पावलं उत्तम गेली. लोक आपोआप बाजूला होत होते. दवाखान्यातलं काहीतरी यंत्र चाललंय असं त्यांना वाटलं असावं, कारण एका म्हाताऱ्या बाईंनी हात जोडले आणि चौकातल्या पोलिसाने दोन्ही बाजूंची वाहनं थांबवून यांना वाट करून दिली.

"पेशंट कुठाय?" त्याने हळूच विचारलं.

"हातात आहे," सलूनवाला म्हणाला.

पोलिसाने टोपी नीट केली.

चौक ओलांडला आणि घोटाळा सुरू झाला. गाडीचं पुढचं चाक गटाराच्या जाळीत रुतलं. सलूनवाला वाकून ते सोडवतोय तोवर समोरून शाळेतल्या मास्तरीणबाई धावत आल्या. "काका! देवासारखे भेटलात! दार ओढलं गेलं हो, किल्ली आत, गॅसवर दूध!"

काकांना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी लॅपटॉप गाडीवर टेकवला आणि एका बोटाने नाव शोधायला घेतलं. लॅपटॉप विचार करत बसला. टीक. टीक. दूध तिकडे वर येत असणार.

"इतक्या वेळा हरवते का हो माझी?" बाई ओशाळून म्हणाल्या.

"छे छे," काका म्हणाले. तेवढ्यात ओळ उघडली. शेरा होता: 'पाचव्यांदा. दूधही असतं.' काकांनी घाईने हाताने तो झाकला, आकडे कागदावर लिहिले, आपल्या दुकानाची किल्ली बाईंच्या हातात ठेवली आणि किल्ल्या कापायच्या यंत्रावर आकडे कसे लावायचे ते सांगितलं. बाई पळाल्या.

आता यूपीएसची टीक पाच सेकंदांवर राहिली नव्हती. टीकटीकटीक अशी सलग सुरू झाली होती.

"संपत आला," काका म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. "सॉकेट बघ. कुठलंही सॉकेट."

उजवीकडे चपलांचं दुकान बंद. डावीकडे रद्दीवाला, त्याच्याकडे दिवाच नव्हता. पुढे दाताचा दवाखाना, आणि देवाच्या कृपेने त्याला पायऱ्यांऐवजी उतार होता. दोघं एका चालीत आत घुसले. बाहेरच्या खोलीत एकच सॉकेट, त्याला माशांची टाकी लावलेली.

"मासे काढू नका हां," टेबलामागची मुलगी म्हणाली. "आणि इथे फक्त पेशंटनी बसायचं."

"मी पेशंट आहे," काका म्हणाले.

"काय होतंय?"

"दाढ."

"कुठली?"

काकांनी दोन सेकंद घेतले. "मागची."

"मग आत जा. डॉक्टर मोकळेच आहेत. सॉकेट आत खुर्चीजवळ आहे."

काकांना नीट कळायच्या आत ते त्या मागे पडणाऱ्या खुर्चीत आडवे झाले होते. वायर सॉकेटात, लॅपटॉप पोटावर, आणि यूपीएस गप्प. सलूनवाला खुर्चीचा पायाकडचा भाग खालीवर करून बघत होता. "डॉक्टर, ही कितीला बसली? आमच्याकडे मान मागे पडते, पण पाय वर येत नाहीत."

डॉक्टरांनी दिवा ओढला. "आ करा."

काकांची दाढ ठणठणीत होती, निदान काकांच्या समजुतीप्रमाणे. अर्धा तास यूपीएस भरेपर्यंत तोंड उघडं ठेवायचं आणि निघायचं असा त्यांचा बेत होता. पण डॉक्टर म्हणाले, "बरं झालं आलात. चांगलीच पोखरली आहे. आजच भरून टाकू." तोंडात आरसा असताना माणूस विरोध काय करणार? काकांनी "अँ" केलं. डॉक्टरांनी ते हो धरलं आणि सुई टोचली.

पस्तीस मिनिटांनी काका भरलेली दाढ आणि भरलेला यूपीएस घेऊन बाहेर पडले. "दोन-तीन तास ही बाजू बधिर राहील," डॉक्टर म्हणाले. "बोलायचा प्रयत्न करू नका, जीभ चावाल."

उरलेली तीनशे पावलं त्यांनी धावतपळत कापली आणि दुकान गाठलं. दुरुस्तीवाल्या बाई स्क्रू ड्रायव्हर केसांत खोचून बसल्या होत्या. त्यांनी वरात बघितली आणि चष्मा वर केला.

"काका? हे काय रुखवत आणलंय?"

"अअअअ अआ," काका म्हणाले.

"काय?"

"दाढ भरलीये त्यांची," सलूनवाला म्हणाला. "बोलता येत नाही. मी सांगतो." त्याने इकडेतिकडे बघितलं. दिलेला शब्द पाळायला ह्याहून चांगली वेळ येणार नव्हती. "बाई, वापरलेला-बिपरलेला काही नको. ह्याच्यातच नवी डिस्क टाका. त्यांच्या मुलीने सांगितलंय."

"पण सकाळी हे मला म्हणाले…"

"सकाळी वेगळं होतं. मन बदललं."

"अआई! अआई!" काका ओरडले. दोन्ही हात लॅपटॉपमध्ये अडकलेले, म्हणून ते मान जोरजोरात हलवू लागले.

"काय म्हणतात?"

"घाई, घाई म्हणतात," सलूनवाला म्हणाला. "आणि जरा भावुक झालेत. बायकोचा लॅपटॉप आहे ना. तुम्ही करा सुरू. द्या काका, तुम्ही बसा, हात दुखले असतील."

त्याने प्रेमाने लॅपटॉप काकांच्या हातातून काढून बाईंसमोर ठेवला. काका टेबलावरून पलीकडे झेपावले. सलूनवाल्याने त्यांना तितक्याच प्रेमाने मिठी मारली. डोकं हलवणारी पोरं धरून त्याने वीस वर्षं केस कापले होते. त्याच्या मिठीतून आजवर कुणी सुटलेलं नव्हतं.

बाईंनी बटण दाबून धरलं. पंखा दळायचा थांबला. पडदा काळा झाला.

दोन वर्षं चार महिन्यांनी तो आवाज थांबला, तेव्हा दुकानात इतकी शांतता झाली की सलूनवाल्यालासुद्धा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. त्याने काकांना सोडलं. काका स्टुलावर बसले.

"काम सुरू करायच्या आधी एकदा परत चालू होतो का बघून घेते," बाई म्हणाल्या. "नाहीतर मागाहून म्हणाल, मी बिघडवला." लॅपटॉप चालू व्हायला अकरा मिनिटं लागली. मग पडद्यावर एक रिकामी चौकट आली. बाईंनी लॅपटॉप काकांकडे फिरवला. "टाका पासवर्ड."

काकांनी लेकीचं नाव टाकलं. चूक. लग्नाची तारीख टाकली. चूक. चौकटीखाली बारीक अक्षरांत एक ओळ उमटली. पासवर्ड विसरला तर आठवण म्हणून ती काकूंनीच कधीतरी लिहून ठेवली होती: 'मला विचारा.'

बाईंनी ती वाचली. सलूनवाल्याने वाचली. मग दोघांनी काकांकडे बघितलं, आणि सलूनवाला हळूच गाडीच्या दांड्यावर बसला.

लेक आणि जावई त्याच वेळी पोचले. लेकीने आधी दुकान गाठलं होतं. तिथे दूध उतरवून दुकानाची किल्ली द्यायला परत आलेल्या मास्तरीणबाई यंत्रावर किल्ल्या कापताना दिसल्या, आणि त्यांच्यामागे तीन गिऱ्हाइकं रांगेत उभी होती. चौकातला पोलीस म्हणाला की, पेशंट दाताच्या दवाखान्यात नेलाय. दवाखान्यातली मुलगी म्हणाली की, पेशंट बरा आहे. लेकीच्या जिवात जीव नव्हता.

"बाबा! काय झालंय तुम्हाला?"

काकांनी पावतीपुस्तक ओढलं आणि मागच्या बाजूला लिहिलं: 'मला पासवर्ड माहीत नाही.'

"कधीपासून?"

'पहिल्यापासून.'

लेकीने पडद्याकडे बघितलं. ती ओळ वाचली. मग उघड्या लॅपटॉपकडे, यूपीएसकडे, वायरीकडे तिची नजर गेली आणि सगळं एकदम तिच्या लक्षात आलं. तिला हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाच ठरवता येईना.

"म्हणून तुम्ही आमच्याकडे राहायला येत नव्हता? म्हणून गेल्या मे महिन्यात लग्नाला आला नाहीत? लॅपटॉप चालू होता म्हणून?"

'वीज जात होती त्या आठवड्यात,' काकांनी लिहिलं.

"अहो, एकदा सांगायचं तरी!"

काकांनी पेन्सिल उचलली, ठेवली, परत उचलली. 'कुलूपवाला आहे मी.'

 वातावरण हलकं करायला जावई पुढे झाला. त्याने पाठीवरची पिशवी उघडली. "बाबा, काळजी सोडा. मी ऑफिसातल्या त्या माणसाकडून वापरलेला घेऊनच आलोय. बघा, काय चकाचक आहे! एका सेकंदात चालू." त्याने बटण दाबलं. लॅपटॉप खरंच एका सेकंदात चालू झाला आणि त्याने पासवर्ड विचारला.

जावयाने फोन लावला. ऑफिसातला माणूस लॅपटॉप देऊन लगेच सुट्टीवर गेलेला, फोन बंद.

"छान," लेक म्हणाली. "आता दोन झाले."

"तुम्ही सगळे एवढे काय सुतक आल्यासारखे बसलाय?" दुरुस्तीवाल्या बाई म्हणाल्या. केसांतला स्क्रू ड्रायव्हर काढून त्यांनी काकूंचा लॅपटॉप पालथा घातला. चार स्क्रू फिरवले, झाकण काढलं, आतली डिस्क बोटांनी उपसली आणि आपल्या संगणकाच्या केबलला जोडली. दोनदा टिचकी मारली. पडद्यावर रजिस्टर उघडलं. नावं, दारं, आकडे, शेरे. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

काका उठून उभे राहिले.

"पासवर्ड?" त्यांनी विचारलं. जीभ थोडी सुटली होती.

"तो दारावर असतो हो काका. खिडकी उघडीच असते. तुमच्या काकूंनी जादाचं कुलूप घातलं असतं तर गोष्ट वेगळी होती."

"चार स्क्रू?"

"चार."

दोन वर्षं आणि चार महिने. काकांना आधी बरं वाटायला हवं होतं, पण त्यांच्यातल्या कुलूपवाल्याला राग आला. "मग अअं… मग असलं कुलूप लावायचंच कशाला?" ते तोंड वाकडं करून म्हणाले. "लोकांना फसवता का? दहा मिनिटांत कुणीही उघडतं!"

"तुमच्याकडची कुलपं किती मिनिटांत उघडतात?"

काकांनी टेबलावरचे चार स्क्रू मोजले. मग म्हणाले, "तीन."

तेव्हा लेक जी हसत सुटली ती पावतीपुस्तकात तोंड लपवूनसुद्धा थांबेना. नवी डिस्क घालायची की वापरलेला ठेवायचा, हे त्यानंतर फार वेळ कुणी बोललं नाही. उघडलाच आहे तर बाईंनी त्यातच नवी डिस्क घातली, मेमरी वाढवली, बिजागरी बसवली. काकांनी किल्ल्यांच्या पात्यांची बटणं बदलू दिली नाहीत. जावयाने आणलेला सलूनवाल्याने मागून घेतला. गिऱ्हाइकांना डोक्यांचे फोटो दाखवायला त्याला पाहिजेच होता. त्याचा पासवर्डही बाईंनी उडवून दिला.

"आता नवा पासवर्ड कुणी ठेवायचा?" बाईंनी विचारलं.

"मी ठेवणार," लेक म्हणाली. "आणि बाबांना सांगणार नाही. दोन वर्षं माझ्यापासून लपवलंत ना? आता रोज सकाळी मला फोन करायचा आणि विचारायचा."

काकांनी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्यांनी फोन लावला. लेक बसमध्ये होती. तिने तोंडाला पदर लावून सांगितलं, "हट्टीबाबा चार."

"काय?"

"हट्टीबाबा! चार!" शेजारच्या बाईने वळून बघितलं.

काकांनी तो टाकला. लॅपटॉप फोन ठेवायच्या आत उघडला. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने तो बंद केला, पडदा मिटला आणि लेकीकडे जेवायला गेले. बुधवारी आठ वाजता परत फोन. "विसरलो गं." गुरुवारी परत. ज्या माणसाला रजिस्टरमधले शेरे तोंडपाठ, तो एक शब्द विसरतो ह्यावर लेकीचा विश्वास बसत नव्हता, पण तिने तसं म्हटलं नाही. बसमध्ये तिच्या भोवतीच्या लोकांना आता सवय झाली होती. आठला पाच मिनिटं कमी असली की कुणीतरी म्हणायचं, "हट्टीबाबांची वेळ झाली."

महिन्याभराने एका रविवारी ती घरी आली तेव्हा म्हणाली, "फार दिवस झाले, आता पासवर्ड बदलते. तिकडे तोंड करा." काकांनी तोंड फिरवलं आणि समोरच्या कपाटाच्या काचेत तिची बोटं बघितली. मुद्दाम नाही, बोटं दिसली की बघायची त्यांना धंद्याची सवय होती.

सोमवारी आठ वाजता फोन.

"हां बाबा. सांगते. थांबा हां." मग बराच वेळ नुसता बसचा आवाज. "अं… हट्टी… नाही, तो जुना. काय बरं ठेवला होता मी?"

"आठव सावकाश," काका म्हणाले.

"काहीतरी चांगलं ठेवलं होतं ह्या वेळी. गुणीबाबा?"

"नाही."

"शहाणेबाबा?"

"नाही, एवढं कुठलं चांगलं."

 "बाबा, नाही ते तुम्हाला कसं कळलं?"

काकांनी समोर बघितलं. रजिस्टर साडेसातपासून उघडं होतं. त्यांनी त्यातले वीस शेरे वाचूनही संपवले होते. "गिऱ्हाईक आलंय, ठेवतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुकानात कुणी नव्हतं.

दोन मिनिटांनी फोन वाजला.

"गिऱ्हाईक गेलं का?"

"गेलं."

"बरं मग, आता सांगा. पासवर्ड काय आहे?"

काकांनी घसा साफ केला. "लिहून घे."

"लिहून कशाला?" लेक म्हणाली. "उद्या विचारीन की."